पलीकडच्या मांडवातली खुर्ची

एकदा एक तरुण दूरदेशी शिकून आपल्या नदीकाठच्या गावी परत आला, तेव्हा त्याच्या सामानात पुस्तकांहून जड असा एक राग होता. गावच्या शाळेत शिकवायचं, पडीक मैदान सारखं करायचं, असे कितीतरी संकल्प त्याने विमानातच केले होते. पण पहिल्याच आठवड्यात त्याला परदेशातल्या एका जुन्या मित्राचा निरोप आला आणि सगळे संकल्प खाली राहून राग तेवढा वर आला. लहानपणी ज्यांनी त्याला बॅट धरायला आणि शब्द पाळायला शिकवलं होतं, त्या वृद्ध गुरुजींकडे तो सकाळीच जाऊन उभा राहिला.

गुरुजी अंगणात बसून एका जुन्या बॅटच्या मुठीला दोरा गुंडाळत होते.

"गुरुजी, एक न्याय करा," तरुण म्हणाला.

"करू की. पण पंचाकडं आधी अपील करावं लागतं. बस, आणि बोल."

तरुण बोलू लागला.

परदेशी त्याच्या खोलीत खगेंद्र नावाचा सोबती होता, एका लहानशा डोंगराळ देशातला. आपल्याकडे दिवे लागायच्या वेळी क्रिकेट लीगचे सामने सुरू होत, तेव्हा तिथे सकाळ असे. खिडकीबाहेर वितळायचं राहिलेलं बर्फ, आत एकाच रजईत दोघांचे पाय, मध्ये लॅपटॉप आणि एका ताटलीत लोणचं-भात. तरुणाचा जीव आपल्याकडच्या संघावर. खगेंद्रच्या देशातून आपल्या लीगपर्यंत पोचलेला खेळाडू एकच, एक फिरकी गोलंदाज, आणि तोही नेमका याच संघात. मग काय विचारता! तरुणाने गावाहून संघाची जर्सी मागवून खगेंद्रला दिली होती. दोघे एकाच रंगात बसत, एकाच वेळी ओरडत, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोकू लागली की एकाच वेळी गप्प होत. परक्या मुलखात त्या सकाळी म्हणजे त्याचं घर होतं.

मग नव्या मोसमासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. त्या गोलंदाजाला दुसऱ्या संघाने घेतलं. आणि नव्या मोसमातल्या पहिल्या सामन्याला खगेंद्र त्या दुसऱ्या संघाचा रंग अंगावर घालून हसत समोर आला!

"मी त्याला दलबदलू म्हटलं, गुरुजी. म्हटलं, निष्ठा अशी कपड्यासारखी बदलायची असते का? आमची जर्सी परत कर म्हटलं."

"मग?"

"धुऊन, घडी घालून परत दिली."

"काही बोलला?"

"म्हणाला, तुला नाही कळायचं. त्यानंतर आम्ही बोललोच नाही. निघताना त्याचा निरोपही न घेता आलो मी." तरुणाने मोबाइल पुढे केला. "आणि आता हा निरोप. उद्या आपल्या संघाचा त्याच संघाशी सामना आहे, इथे, आपल्या शहरात. तो सामना बघायला येतोय. लिहितो, तुझ्यासाठी एक तिकीट काढलंय, येशील का? परवा परत जाणार. मी उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही. माझं चुकलं का काही?"

हे विचारताना आपल्या आवाजात अपीलच अधिक आहे, हे त्याचं त्यालाही जाणवलं. गुरुजींनी दोऱ्याची गाठ मारली, ती दाताने घट्ट केली आणि म्हणाले, "दुपारी आपल्या गावाची मॅच आहे, पलीकडच्या गावाशी. माझी खुर्ची घेऊन चल."

पुलापलीकडे नदीच्या पात्राला लागून असलेलं ते मैदान तरुणाने किती वर्षांनी पाहिलं! तीच चुन्याची सीमारेषा, तोच भोंग्याचा खरखरणारा आवाज. अलीकडच्या अंगाला आपल्या गावाचा मांडव, पलीकडच्या अंगाला त्यांचा. गुरुजींनी खुर्ची आपल्या मांडवात, पहिल्या रांगेत ठेवायला लावली. पायाशी त्यांचा जुना फिरकीचा तांब्या ठेवला, झाकण आवळून. आपल्या गावाची फलंदाजी सुरू झाली आणि ऐंशी वर्षांचा हा माणूस पोरासारखा ओरडू लागला. "अरे, पळ की! पाय मोडला का काय तुझा?"

तरुणाला भरून आलं. निष्ठा असावी तर अशी, त्याच्या मनात आलं.

एवढ्यात पलीकडच्या संघाने चेंडू एका उंच, काळ्यासावळ्या गोलंदाजाच्या हाती दिला. भोंग्यावरून आपल्या गावचा समालोचक महिपती पुकारला, "आणि मंडळी, आता येतोय भरमा! एकेकाळचा आपलाच गडी, आता पलीकडच्या साखर कारखान्यात नोकरीला आणि त्यांच्याच संघात!"

त्याच क्षणी गुरुजी उठले. एका हाताने खुर्ची उचलली, दुसऱ्या हातात तांब्या घेतला आणि सीमारेषेच्या कडेकडेने चालत, सगळ्या गावादेखत, पलीकडच्या मांडवात जाऊन बसले.

आपल्या मांडवात हशा उसळला. "काय गुरुजी, फुटला व्हय?" कुणीतरी ओरडलं. महिपतीला तर पर्वणीच. "मंडळी, गुरुजींनी पक्ष बदलला! आणि तोही खुर्चीसकट!"

तरुणाचे कान तापले. तो धावतच पलीकडे गेला. तिथे यजमान गावाचे लोक आदराने गुरुजींना चहा देऊ करत होते, पाण्याचा पेला धरत होते. गुरुजींनी हात जोडून दोन्ही नाकारलं. आपल्या तांब्याचं झाकण फिरवलं, दोन घोट घेतले आणि झाकण पुन्हा आवळून ठेवलं.

"घ्या की गुरुजी, आमचं पाणी काय खारं हाय व्हय?" एक म्हातारा यजमान म्हणाला आणि स्वतःच हसला. गुरुजीही हसले. पण पेल्याला त्यांनी हात लावला नाही.

भरमा धावत आला. त्याच्या एका चेंडूवर आपल्या गावच्या कप्तानाची मधली यष्टी उडाली. पलीकडचा मांडव नाचू लागला, अलीकडे स्मशानशांतता. गुरुजी नाचले नाहीत. ते नुसते टाळ्या वाजवत राहिले, इतर सगळे थांबल्यावरही. भरमाने दुरून त्यांच्याकडे पाहिलं, चेंडू कपाळाला लावला आणि मान खाली घालून परत आपल्या जागेवर गेला. गुरुजींचे डोळे भरले होते.

भरमाची षटकं संपली. गुरुजी पुन्हा उठले, खुर्ची उचलली आणि आल्या वाटेने आपल्या मांडवात परतले. बसता बसताच ओरडले, "आता हाणा रे! भरमा संपला, आता कसली भीती?"

शेवटी सामना आपल्या गावाने थोडक्यात गमावला. गुरुजींना ते मनापासून लागलं. संध्याकाळी पुलावरून परतताना ते बराच वेळ कप्तानाला नावं ठेवत होते. खुर्ची खांद्यावर घेतलेल्या तरुणाला अखेर राहवेना.

"गुरुजी, रागावू नका. पण तुमचं गाव नक्की कुठलं?"

"तू विचारशीलच, ठाऊक होतं." गुरुजी पुलाच्या कठड्याला टेकले. "ऐक. माझी आत्या पलीकडच्या गावात दिलेली. माझे वडील यात्रेच्या सुमाराला तिला भेटायला जात आणि मी त्यांचं बोट धरून. ओट्यावर बसत आणि त्या गावाची चौकशी करत. विहिरीला पाणी आहे का, ज्वारी कशी आली, बांधाची भांडणं मिटली का. परक्या गावाची इतकी काळजी कशाला, असं मला वाटे. पण आत्या तिथं नांदत होती ना! ते गाव सुखात, तर ती सुखात. मात्र लेक दिलेल्या गावचं पाणी प्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. माया सगळी तिकडं, तांब्यातलं पाणी मात्र आपल्या विहिरीचं. हाच तो तांब्या."

"रीत जुनाटच आहे म्हणा," तरुण हळूच म्हणाला.

"आहेच. आत्याला तिचा राग यायचा. म्हणायची, दादा, माझ्या हातचं पाणी नको होय रे तुला? तेव्हा रीत टाकून दे, मी कुठं अडवतोय? पण त्यातलं एक मला शिकायला मिळालं. आपलं माणूस जिथं नांदतं, त्या घराचं भलं चिंतताना आपलं घर सोडावं लागत नाही. भरमाला मी या हातांनी चेंडू धरायला शिकवलं. पोट घेऊन गेलं त्याला तिकडं, म्हणून तो माझा नाही काय? तो टाकतो तेवढा वेळ मी त्याच्या घरी पाहुणा जातो, आणि परत येतो. तुझ्या मित्राच्या देशाचा पोरगा लिलावात कुठल्या घरी पडेल, ते त्याच्या हातात होतं का? पोर दुसऱ्या घरी नांदायला गेलं. हा बिचारा त्या घराचे कपडे घालून त्याला भेटायला गेला. तू त्याला दलबदलू म्हणालास."

खाली नदीच्या पाण्यावर उजेड विझत चालला होता. तरुणाला ती खोली आठवली. त्यांचा गोलंदाज चेंडू टाकत असताना खगेंद्र श्वास रोखून पुढे सरकलेला असे. त्याची षटकं संपली की तो खुशाल उठून चहा ठेवायला जाई, मग सामना कितीही रंगात आलेला असो. आपण तिथून ओरडायचो, अरे, आता तर खरी मजा आहे! आणि तो स्वयंपाकघरातून म्हणायचा, तू बघ, मला ओरडून सांग. म्हणजे तो आपला संघ कधी बघतच नव्हता. भांडणाच्या दिवशी 'तुला नाही कळायचं' म्हटल्यावर तो आणखीही एक वाक्य बोलला होता, जे तरुणाने गुरुजींना सांगितलं नव्हतं. 'तुमची मुलं प्रत्येक संघात आहेत. आमचा एकच आहे.'

"आणि तू रे?" गुरुजींनी विचारलं. "तू तिथं कुणाला बघत होतास?"

"आपल्या संघाला."

"त्यात आपल्या गावचा कोण? बरं, गाव राहू दे, जिल्ह्यातला कोण?"

तरुण मनात एकेक नाव मोजू लागला. कप्तान दुसऱ्याच देशाचा, सलामीचा फलंदाज दुसऱ्याच प्रांताचा. मग इतकी वर्षं बर्फाळ सकाळी उठून तो काय बघत होता? त्याला आठवलं, नाणेफेकीआधी कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरायचा. कुणाच्या हातात मराठीतला फलक, कुणी भेळेचा कागद चाटतोय, एखादी आजी नातवाला खांद्यावर घेऊन उभी, आणि मागे आपल्याकडची ती संध्याकाळ, दिवे लागतानाची. ते दिसलं की त्याचा घास हातातच राहायचा. सामना त्यानंतर सुरू व्हायचा. खरं तर एका रजईत पाय घालून दोघेही आपापल्या तांब्यातलं पाणी पीत होते. एकाच्या तांब्याला त्याने निष्ठा म्हटलं होतं, दुसऱ्याच्या तांब्याला फितुरी.

त्याने खुर्ची खाली ठेवली, मोबाइल काढला आणि खगेंद्रला फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, जणू कुणी हातातच धरून बसलं होतं.

"तिकीट आहे का रे अजून?"

खगेंद्र म्हणाला, "आहे. पण आमच्या बाजूचं आहे. तुझा रंग घालून येऊ नकोस, उगाच मार खाशील."

"तुमचा गोलंदाज टाकेल तेवढा वेळ मी तुमचा. नंतर बघ कसा ओरडतो ते." तरुण म्हणाला. "आणि ऐक, ती जर्सी आणतोय मी. ती तुझीच आहे. मी मागायला नको होती."

"ती मला आता घट्टच होईल," खगेंद्र म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "तरी आण."

तरुणाने मोबाइल खिशात ठेवला. गुरुजींनी तांब्याचं झाकण फिरवलं आणि तो पुढे केला. "धर. घोटभर उरलंय."

तरुण तोंड वर करून ते पाणी प्यायला. उन्हात राहून ते कोमट झालं होतं, आणि चव अगदी लहानपणीची होती. मग त्याने खुर्ची पुन्हा खांद्यावर घेतली आणि दोघे आपल्या गावाच्या दिव्यांकडे चालू लागले.

परक्या रंगात कुणी आपल्या शेजारी येऊन बसलं, तर 'तू कुणाचा?' असं विचारण्याआधी बाकावर थोडं सरकून त्याला जागा करून द्यावी.