निळ्या फुलांची सुरई

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. राजा चांगला, पण धीर म्हणाल तर औषधाला नाही! एकदा त्यानं अग्निवर्मा नावाच्या कुंभार-जादूगाराची तापलेली भट्टी वेळेआधीच फोडायला लावली. गार वारा लागताच आतली शंभर भांडी तडकली.

"राजा, आता तुझी लेक मातीची होईल," असा शाप देऊन अग्निवर्मा धुरात विरून गेला. त्याच दिवसापासून राजकन्या कुमुदा पायांकडून वर पांढरी, कडक, थंडगार होऊ लागली.

राजवाड्यातली साळुंकी बोलली, "निळ्या फुलांच्या नव्या सुरईतलं पाणी तिच्यावर ओत. कामं तीन. बर्फाच्या डोंगरातली पांढरी माती आण. वाळवंटापलीकडचा काळा दगड आण. तिसरं काम भट्टीपाशी कळेल."

धावाधाव राजाच्या पथ्यावरच पडली. उडत्या घोड्यावरून त्यानं दोन्ही वस्तू दोन दिवसांत आणल्या.

रंगावती नावाच्या म्हाताऱ्या चितारणीनं सुरई घडवली, दगड उगाळला, पोटावर कमळं आणि गळ्याशी शेवंतीची वेलबुट्टी काढली. राजा ओरडला, "अगं बाई, ही तर काळी फुलं! पुस आधी!"

"कच्ची माती रंग पिते, महाराज. पुसता येत नाही. निळं त्यांना आगच करील."

तिनं झिलई चढवली, भट्टी लिंपली, दिवसभर जाळ घातला. मग म्हणाली, "तिसरं काम तुमचं. तीन दिवस भट्टी उघडायची नाही. आपली आपण निवू द्यायची."

पहिल्या दिवशी कुमुदा कमरेपर्यंत माती झाली, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत. राजा भट्टीसमोर मुठी आवळून बसला. त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

साळुंकी म्हणाली, "रड, राजा. रडायला मनाई नाही."

तिसऱ्या दुपारी कुमुदाचा आवाज बंद झाला. राजानं कुदळ उचलली. भट्टीला हात लावला, ती अजून ऊन होती. त्यानं कुदळ विहिरीत फेकली आणि पुन्हा येऊन बसला.

चौथ्या सकाळी भट्टी निवली. सुरई अखंड निघाली, दुधासारखी पांढरी, वर निळीशार फुलं. पाणी पडताच कुमुदाचा गळा हलला, हात हलले, पाय हलले. शाप फिटला.

"बाबा, तुम्ही तीन दिवस थांबलात?"

"थांबलो."

तिचा विश्वास बसेना. तिनं त्याच्या मुठी उघडल्या. नखं रुतून दोन्ही तळहात रक्ताळले होते. सुरईत उरलेलं पाणी तिनं त्या तळहातांवर ओतलं.