ओट्यावरचे हवालदार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं कौतिका नावाची पोरगी आत्याच्या शेळ्या राखायची. आईबाप नव्हते. खायला दिवसाला एक भाकरी, निजायला गोठ्याचा कोपरा. पण ती रडत बसायची नाही.

शेजारी हैबती हवालदारांची बाग होती. लढाईवरून परतलेला हा म्हातारा एकटाच राहायचा. बागेत लालचुटुक डाळिंबं, पिवळाधमक झेंडू. रोज एक डाळिंब कौतिकासाठी बाजूला काढलेलं असे. घर चिरेबंदी, पण हवालदार निजायचे बाहेर ओट्यावर. थंडी पडली आणि खोकला लागला. वैद्यबुवा म्हणाले, "आत निजा, नाहीतर हा हिवाळा निघायचा नाही."

हवालदार ऐकेनात.

"आबा, आत का जात नाही?" कौतिकानं विचारलं.

"शेळ्या बघ तुझ्या," आबा म्हणाले.

एका सकाळी डाळिंबाच्या कळीत काहीतरी चमचमलं. इवलीशी परी. पंख सोनेरी, कपाळावर दवाचा पिटुकला थेंब, आणि पाय काट्यात अडकलेला. कौतिकानं अलगद सोडवला. परीनं तिच्या हातावर तीन झळझळीत पाकळ्या ठेवल्या.

"एका पाकळीला एक मागणं. मागायचं दुसऱ्यासाठीच."

"मग आबांसाठी मागते. त्यांनाच विचारून येते, काय हवं ते."

"ते चालायचं नाही. शिपायाला विचारलं तर तो काही नको म्हणतो."

कौतिकानं मोराच्या मानेसारखी निळी, मऊमऊ रजई मागितली. संध्याकाळी बघते, तर रजई शेळीच्या नव्या करडावर.

"ते काकडत होतं," आबा म्हणाले, आणि खोकले.

मग दुसऱ्या पाकळीला तिनं घरात चांदण्यांच्या दिव्यांनी उजळलेला चांदीचा पलंग मागितला. घर आतून लखलखलं. आबा उंबऱ्यापर्यंत गेले. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले.

कौतिका पार गोंधळली. "परीबाई, माझं काय चुकलं?"

"मला काय ठाऊक? मी डाळिंबात राहते," परी म्हणाली. तीही गोंधळली होती.

त्याच दिवशी आत्याचा मुलगा आजोळाहून आला. आत्यानं त्याला दारात थांबवलं, पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला आणि मगच आत घेतलं. कौतिका बघत राहिली.

"आत्या, हवालदार आबांवरून तुकडा कुणी ओवाळला?"

आत्या म्हणाली, "कोण ओवाळणार? ते लढाईवरून आले तेव्हा त्यांची आई नुकतीच गेलेली. गाव सगळं जत्रेला. ट्रंक घेऊन दिवस मावळेपर्यंत दारात उभे होते म्हणे. मग ओट्यावरच बसले."

"आणि तुम्ही सगळे?"

"आम्हाला वाटलं, त्यांना उघड्यावरची सवय आहे."

कौतिका परीकडे धावली. "त्यांची आई आणून दे."

"गेलेल्यांना आणता येत नाही."

"मग एक भाकरी दे."

"भाकरी तुझ्याकडे आहे की," परी म्हणाली.

होती. दिवसाची एकच होती. कौतिकानं ती पदरात बांधली आणि गावातली पोरं गोळा केली. "आबा सरहद्दीवर जागले, म्हणून आपण निजलो. आणि त्यांना घरात कुणी घेतलं नाही," ती म्हणाली. पोरांनी झेंडू तोडला, तांब्या भरला.

आबांना दारात उभं केलं. त्यांना काही कळेना. "काय चाललंय रे?"

कौतिकानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. अर्धी भाकरी त्यांच्यावरून ओवाळून लांब टाकली. पोट कुरकुरलं, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

"कधी आलात, आबा?" पोरांनी विचारलं.

म्हातारा परेडला उभं राहावं तसा ताठ झाला.

"आत्ताच," ते म्हणाले आणि आत गेले.

मग वळले. कौतिका पायरीवरच होती.

"तू का थांबलीस?"

"माझ्यावरून पण कुणी तुकडा ओवाळला नाही."

आबा पुन्हा बाहेर आले. तिच्या हातातली उरलेली अर्धी घेतली, तिच्यावरून ओवाळली आणि लांब टाकली. "चल आत. पिठलं टाकतो. आता इथंच राहायचं."

तिसरी पाकळी तिच्या मुठीतून उडाली आणि कोनाड्यात इवलीशी ज्योत होऊन बसली. ती पुढे कधी विझली नाही. बागेत डाळिंबावर सोनेरी उजेड भरला, थरथरला आणि परी त्यात विरून गेली.

त्या रात्री ओटा रिकामा होता. गोठ्याचा कोपराही.