पाच संगणकांची राखण

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव सोनबा. सांगितलेले काम तो तंतोतंत करी. न सांगितलेले त्याला सुचत नसे.

तिथल्या विद्यालयाला पाच संगणक मिळाले. महिनाअखेरीस तपासणीस साहेब येणार होते. संगणक चालू दिसले, तर नववीपासून तो विषय सुरू होणार. नाही तर यंत्रे तालुक्याच्या शाळेत जाणार. तालुक्याला मुलींना कोणी धाडत नसे. म्हणून मुख्याध्यापिका खरातबाईंचा जीव त्या पाच यंत्रांत अडकला होता.

बाई म्हणाल्या, "सोनबा, यांना धूळ लागू देऊ नकोस. झाकून ठेव."

सोनबाने आच्छादने घातली. मुले आली. त्यांच्या पायांना धूळ होती. पंधरा दिवस त्याने एकालाही आत घेतले नाही.

"अरे, दारात कोणी आले तर आत सोडावे!"

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी शेळी आली. सोनबाने अदबीने दार उघडले. शेळीने दोन वायरी खाल्ल्या.

"अरे, तिला काठी दाखवून वेशीपर्यंत हाकलावे!"

"बरं, बाई."

तिसऱ्या दिवशी संगणकाचे सर आले. त्यांनाही दाढी होती. सोनबाने त्यांना वेशीपर्यंत हाकलले.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, सरांना किल्ली हवी होती! माणूस आला तर नमस्कार करावा, काय हवे ते विचारावे आणि हाती द्यावे."

"हे आधी सांगायचं की, बाई!"

क्षमा मागून सरांना परत आणले. वायरी बदलल्या. नववीच्या रुक्सानाने पाढे म्हणून दाखवणारी आज्ञावलीदेखील लिहिली.

तपासणीचा दिवस उजाडला. बाई आणि सर साहेबांना आणायला थांब्यावर गेले. मुले मैदानात प्रार्थनेला उभी होती. तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली.

"भंगारवालाऽ! डबा, पत्रा, संगणकऽ! बदल्यात लसूण घ्याऽ!"

सोनबाने नमस्कार केला. "काय हवं?"

"संगणक आहे का, मामा?"

"पाच आहेत की."

भंगारवाल्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि बाह्या सरसावल्या. सोनबाने एकेक यंत्र त्याच्या हाती दिले.

साहेब आले. खोली लखलखीत होती. पाच मेजांवर पाच आच्छादने ओळीने. बाईंचा चेहरा खुलला. रुक्साना हात चोळत पुढे सरकली.

साहेबांनी पहिले आच्छादन उचलले. खाली लसणाची जुडी. दुसरे उचलले. लसूण.

तिसऱ्याला हात लागताच सोनबा लगबगीने पुढे आला.

"साहेब, झाकून ठेवा. धूळ लागते."