चाळीस मानांचं बेट

खूप जुन्या काळी, तुमच्या-आमच्या खापरपणजोबांना दातही आले नव्हते तेव्हा, समुद्रात एक चिमुकलं बेट होतं. बेटावर गोड्या पाण्याची एक विहीर, थोडी भातखाचरं, नारळाची झाडं आणि आठ घरं. पूर्वी चाळीस होती म्हणे.

चाळीस होती तेव्हा गावच्या प्रमुखाने, म्हणजे गावकाराने, प्रत्येक घराला एकेक मान वाटून दिला. कोणी होळी पेटवायची, कोणी शंख फुंकायचा, कोणी देवावर छत्री धरायची, कोणी नारळ फोडायचा. हेतू चांगला होता. इथे आपल्याला काही किंमत आहे असं वाटलं की माणूस सहसा जागा सोडत नाही. पण माणसं गेलीच. कोणी समुद्राला कंटाळून गेलं, कोणी सोयऱ्यांच्या मागे गेलं. त्यांचे मान तेवढे बेटावर राहिले आणि उरलेल्यांनी ते वाटून घेतले. शंखवाल्या काकांच्या तोंडात आता एकही दात नव्हता, फुंकर मारली की नुसता वारा निघायचा, तरी शंख ते दुसऱ्याच्या हाती देत नसत.

या बेटावर आवडा नावाची बाई राहायची. तिच्या नवऱ्याकडे नारळाचा मान, म्हणून त्याला सगळे नारळवाला म्हणत. आवडाकडे कसलाच मान नव्हता. बायकांना तो नसे. त्यांच्याकडे बाकीची सगळी कामं असत.

बेटाची होडी एकच. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवायची आणि श्रावणातल्या पुनवेला सगळ्यांनी मिळून पाण्यात लोटायची, अशी रीत. तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाला पहिला हात लावायचा मान नाखव्याच्या घराचा. पण त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नाखव्याचे सोयरे पैलतीरावरून आपली होडी घेऊन आले आणि नाखवा बिऱ्हाडासकट निघून गेला. पहिला हात कोणाला दिला, ते काही सांगून गेला नाही.

पुनव आली आणि गेली. उरलेली सातही घरं म्हणत होती, हात आमचा. होडी जागची हलली नाही.

अशातच आवडाची लेक शेवंती अडली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती पावसाळ्याआधीच माहेरी आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या आणि सूर्य डोक्यावर आला तरी सुटका होईना. आवडाने पोटावरून हात फिरवून पाहिला. मूल आडवं होतं. असं मूल फिरवू शकणारी सुईण पैलतीरावर राहायची. ओहोटी लागायच्या आत होडी निघाली नाही, तर लेक आणि नातवंड दोन्ही हातची जाणार होती.

आवडा धावत उंडीच्या झाडाखाली गेली. सातही मानकरी तिथेच बसले होते. पुनवेपासून ते तिथून फारसे उठलेच नव्हते.

“गावकारदादा, होडी लोटा. शेवंती अडलीय.”

“लोटतो की,” गावकार म्हणाले. “आम्ही का माणसं नाही? फक्त पहिला हात कोणाचा, तेवढं ठरू दे.”

“कोणाचाही असू दे.”

“कोणाचाही कसा असेल?” शंखवाले काका म्हणाले. “शंख समुद्रातून येतो, होडी समुद्रात जाते. हात आमचा.”

“आणि शीड काय असतं?” छत्रीवाल्यांनी विचारलं. “छत्रीच ना ती? हात आमचा.”

आवडाने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्ही तरी बोला. लेक आपली आहे.”

“आपलीच आहे गो,” नारळवाला कळवळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “पण आज हात सोडला तर उद्या हे नारळही मागतील. मग जावयाला तोंड कुठल्या तोंडाने दाखवू?”

शेवटी गावकारांनी हात वर केला. “भांडण नको. नाखव्यालाच विचारू या. तो सांगेल ते सगळ्यांना कबूल.”

सगळ्यांना पटलं. शंखवाले काका तर म्हणाले, असा निवाडा शंभर वर्षांत झाला नाही.

“आणि नाखव्याकडे जाणार कसे?” आवडाने विचारलं.

“होडीने,” गावकार म्हणाले.

सातांपैकी एकालाही काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. अशा वेळी माणसाने रडावं की हसावं, सांगा बरं. आवडाने दोन्ही केलं नाही. तिने पदर खोचला आणि घरोघरच्या बायकांना हाक मारली.

बायका दरवर्षी होडीला मागून रेटा देत. मागच्या टोकाला आधी हात कोणाचा, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं, होडीला पाठी लावल्या आणि जी ताकद होती ती सगळी ओतली. होडी कुरकुरली आणि सरकत पाण्याला लागली. शेवंतीला घोंगडीच्या झोळीतून आणून आत निजवलं. वल्ह्यांवर सगळ्याच बसल्या, पोरंसोरं मांडीशी घेतली.

“पुढच्या टोकाला कोणी शिवलं नाही ना?” गावकारांनी झाडाखालून विचारलं. “मग हरकत नाही.”

पैलतीरावर सुईणीने मूल फिरवलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. सगळं पार पडल्यावर आवडा सुईणीच्या अंगणात बसून मोठमोठ्याने रडली. त्यात आनंद किती आणि संताप किती, ते तिचं तिलाही कळलं नाही.

बायका पैलतीरावरच राहिल्या. शेवंती हिंडूफिरू लागल्यावर आवडा पुरुषांना न्यायला होडी घेऊन परतली. ते उंडीखालीच होते. बाळाला पहिलं नाव ठेवायचा मान कोणाचा, यावर गाडी अडली होती. नारळवाला गुडघाभर पाण्यात येऊन म्हणाला, “जरा थांब. एवढं मिटलं की निघतोच.”

आवडाने होडीतून पाय खाली टाकला नाही. ती तशीच परत गेली.

पुढे दर होळीला ती होडी नेई. दर खेपेला एखादा मानकरी भुकेने कंटाळून मुकाट्याने होडीत चढे. आधी छत्रीवाले आले, मग शंखवाले काका, एका वर्षी खुद्द गावकार. प्रत्येकाचा मान मागे राही. शेवटी बेटावर एकटा नारळवाला उरला. त्या वर्षी आवडाने नातीला बरोबर नेलं. आता ती चांगली मोठी झाली होती.

“आता भांडायला कोणी नाही,” आवडा म्हणाली. “मिटलं ना सगळं? चला.”

“आता कसा येऊ गो?” नारळवाला म्हणाला. “आता तर चाळीसच्या चाळीस मान माझ्याकडे आले. एवढं टाकून येऊ?”

आवडाने कपाळावर हात मारला आणि होडी वळवली.

त्या रात्री नारळवाल्याने होळी पेटवली, शंख फुंकला, एका हाताने छत्री धरली, नारळ फोडला. मग पहिल्या मानकऱ्याची भकल, म्हणजे नारळाची अर्धी वाटी, बाजूला काढली, ती स्वतःच घेतली आणि सभोवार पाहिलं. ‘या, बसा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, मान देतात ती माणसंच. माणसं गमावून राखलेला मान कोणाच्याही कामाचा नाही.