शिंपल्यातला मेघवर्ण

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता, आणि त्याला शिंपल्यातल्या कालवांचं भारी वेड होतं. ताटात कालवं नसली की स्वारी दिवसभर फुरंगटून बसे. तारामासे कालवं फस्त करू लागले, तेव्हा त्याने फर्मान काढलं, "दिसेल तो तारामासा कापा, तुकडे समुद्रात फेका!" कोळी कापत राहिले, फेकत राहिले. तारामासे सरेनात, उलट वाढतच गेले. पण राजापुढे बोलणार कोण?

अशात अघोरकंठ जादूगाराने धाकट्या राजपुत्राला, मेघवर्णाला, पळवून समुद्रतळाशी एका राक्षसी शिंपल्यात कोंडलं. सुटकेला अटी तीन घातल्या. शस्त्र लागू नये, मंत्र लागू नये, रक्ताचा थेंब सांडू नये. एक जरी मोडली, तर पोराचा मोती होईल.

राजाने हातपाय गाळले. थोरली राजकन्या सुरंगा मात्र उठली. भावाला तिने कडेवर वाढवलं होतं. तिचा जीव तुटत होता, पण पाऊल डळमळलं नाही.

किनाऱ्यावर कुरव पक्षी बोलला, "राजकन्ये, तारामाशाला विचार."

समुद्राने वाट दिली. तळाशी तारामासा भेटला. त्याचा एक हात लांब, बाकीचे चार जेमतेम बोटभर.

"लांब हात तुझ्या बापाने कापून फेकलेला," तो म्हणाला. "मधल्या चकतीचा तुकडा सोबत होता. बाकीचा मी त्यातून उगवलो."

"म्हणजे आपलं वैर. तरी मदत मागते."

"वैर धरायला मेंदू लागतो. तो मला नाही. शिंपला दाखव."

शेकडो इवल्या पायांनी तो शिंपल्याला चिकटला आणि ओढू लागला. दोन प्रहर गेले. शिंपला थकला, तारामासा थकला नाही. तिसऱ्या प्रहरी दोऱ्याएवढी फट पडली. तारामाशाने आपलं पोटच बाहेर काढून आत सरकवलं.

सुरंगा ओरडली, "शिंपल्यालाच खा! माझ्या भावाला तोंड लावशील तर खबरदार!"

"तोंड कुठे, पोट लावलंय. तुझा भाऊ सुखरूप आहे."

मरता मरता शिंपल्याने त्याचा एक हात करकचून पकडला. आता रक्त सांडणार! सुरंगाने डोळे मिटले. तारामाशाने हात आपणहून तोडून टाकला. जखमेतून नुसतं खारं पाणी आलं, कारण त्याच्या अंगात रक्त नव्हतंच. शाप तडकला, शिंपला उघडला.

"ताई, किती उशीर केलास!" मेघवर्ण म्हणाला. सुरंगा हसली आणि ढसाढसा रडलीही.

तारामाशाला घेऊन दोघं वर आली, तसा राजा धावत किनाऱ्यावर आला. "वीरा, मुकुट देतो!"

"घालू कुठे? मला डोकं नाही."

"मग काय देऊ?"

"कापणं थांबव, राजा. एकाचे अनेक तूच केलेस."

राजाने मुलाला पोटाशी धरलं. मग भर किनाऱ्यावर, साऱ्या कोळ्यांसमोर, त्याने तारामाशापुढे मान लववली.