टिचकीची हिरवी भरली अंडी

एक होता मळा. मळ्याला होता बांध. बांधात होतं एक बीळ. आणि बिळात कोण? बिळात टिचकी उंदरीण. टिचकी अंगठ्याएवढी, पण राग अगदी नाकावर.

आज मळ्यात अंगतपंगत होती. अंगतपंगत म्हणजे काय? ज्याने त्याने घरून डबा आणायचा. आंब्याखाली ओळीने बसायचं. सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. आणि मळ्याचा नियम असा, की जो डबा आणेल, त्याने एक पाहुणा आणावा.

टिचकीने कधीच डबा आणला नव्हता. साळुंकीकाकू आणूच द्यायच्या नाहीत. दर वेळी म्हणायच्या, "अगं, तू एवढीशी. तू काय करणार? तू आपली नुसती ये."

नुसती ये. नुसती ये. ऐकून ऐकून टिचकीचे कान किटले. ती म्हणाली, "या वेळी मी हात हलवत जाणार नाही. या वेळी मी भरली अंडी नेणार."

कोंबडीकाकूंनी अंडी दिली. टिचकीने ती उकडली. खदखद, खदखद. मग सोलली. टकटक, टकटक. मग दोऱ्याने कापली. सुर्रकन. सुरीने अंडं फुटतं, दोऱ्याने छान कापलं जातं. एवढ्याशा टिचकीला हे बरोबर माहीत होतं.

तिने पिवळा बलक काढला. कुस्करला. त्यात घातलं मीठ. त्यात घातली मिरपूड. त्यात पिळलं लिंबू. आता राहिली फक्त कोथिंबीर. कोथिंबिरीची जुडी दारात होती. धुऊन निथळत ठेवली होती.

टिचकी दारात आली. जुडी कुठे? जुडी नव्हती. बकरी होती. ढवळी बकरी. तिचं तोंड चालू होतं. कचकच, कचकच.

"ढवळे, माझी कोथिंबीर कुठंय?"

"ती तुझी होती होय? मला वाटलं, माझीच."

"अगं, माझ्या दारात तुझी कशी असेल?"

"छान होती हो. आणखी आहे का?"

आता काय म्हणावं या बकरीला? टिचकीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आंब्याखालून बेडूकराव ओरडले, "डराव डराव. जागा झाडली."

"काय बाई वैताग," टिचकी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टिचकी गेली कोथिंबिरीच्या वाफ्याकडे.

"वाफोबा, वाफोबा, कोथिंबीर द्या ना.
अंडं काही भरेना,
पंगत काही थांबेना."

वाफोबा म्हणाला, "छे गं. माझ्या कोथिंबिरीने मान टाकलीय. बघ, वास तरी येतो का? आधी पाटाला सांग, पाणी सोड. मग देईन कोथिंबीर."

टिचकीने वास घेतला. खरंच की. वासच नाही. टिचकीने कपाळाला हात लावला.

बेडूकराव ओरडले, "डराव डराव. पानं मांडली."

"काय बाई वैताग." टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टिचकी गेली पाण्याच्या पाटाकडे.

"पाटोबा, पाटोबा, पाणी सोडा ना.
वाफा कोथिंबीर देईना,
अंडं काही भरेना,
पंगत काही थांबेना."

पाटोबाच्या तोंडात पालाच पाला. तो म्हणाला, "बुडबुड, बुडबुड. छे गं. पाणी सोडू कसं? तोंडात पाला अडकलाय. आधी खेकड्याला सांग, पाला काढ. मग सोडीन पाणी."

टिचकीने एक पान ओढलं. पान हललं नाही. टिचकीच आपटली. धप्प. तिने कपाळाला हात लावला.

बेडूकराव ओरडले, "डराव डराव. पाणी ठेवलं."

"काय बाई वैताग." टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टिचकी गेली खेकड्याच्या बिळाशी.

"खेकडेमामा, खेकडेमामा, पाला काढा ना.
पाट पाणी सोडेना,
वाफा कोथिंबीर देईना,
अंडं काही भरेना,
पंगत काही थांबेना."

खेकडेमामाने एक डोळा बाहेर काढला. लगेच आत घेतला.

"छे गं. ऊन बघ किती. बाहेर आलो की पाठ भाजते. आधी केळीला सांग, सावली धर. मग काढीन पाला."

"मामा, मी उन्हातच फिरतेय ना?"

"तुझी पाठ केवढी, माझी पाठ केवढी."

इथेही तेच. तू एवढीशी. टिचकीच्या मिशा रागाने थरथरल्या. पण भांडायला वेळ कुठे होता? तिने कपाळाला हात लावला.

बेडूकराव ओरडले, "डराव डराव. मीठ वाढलं."

मीठ वाढलं म्हणजे झालंच. पानात आधी मीठच वाढतात ना?

"काय बाई वैताग." टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टिचकी गेली केळीकडे.

"केळबाई, केळबाई, सावली धरा ना.
खेकडा पाला काढेना,
पाट पाणी सोडेना,
वाफा कोथिंबीर देईना,
अंडं काही भरेना,
पंगत काही थांबेना."

केळबाई म्हणाली, "छे गं बाई. माझं मोठं पान बांबूत अडकलंय. इकडे वळत नाही, तिकडे वळत नाही. आधी वाऱ्याला सांग, पान सोडव. मग धरीन सावली."

"आणि वारा कुठंय?"

"मला काय माहीत? सकाळपासून फिरकला नाही."

ऐकलंत? म्हणे, मला काय माहीत. टिचकीने दोन्ही हात कपाळाला लावले.

बेडूकराव ओरडले, "डराव डराव. पंगत बसायला आली."

"काय बाई वैताग." टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टेकडी चढली. हाश्श हुश्श, हाश्श हुश्श.

टेकडीमागे एक खळगा होता. खळग्यात वारा बसला होता. गाल फुगवून. पाठ फिरवून.

"वारेभाऊ, वारेभाऊ, पान सोडवा ना.
केळ सावली धरेना,
खेकडा पाला काढेना,
पाट पाणी सोडेना,
वाफा कोथिंबीर देईना,
अंडं काही भरेना,
पंगत काही थांबेना."

वारा म्हणाला, "पंगत आहे ना? मग मला आवतण कुठंय?"

"आवतण?"

"मला कुणी जेवायला बोलावत नाही. एकदा माझ्याकडून पत्रावळी उडाल्या. कासवकाकांच्या डोक्यावर वरण सांडलं. तेव्हापासून मला बोलावतच नाहीत. मी नाही येणार. मी नाही फुंकणार."

आता मात्र हद्द झाली. टिचकी मटकन खाली बसली.

"कुणाला पाणी हवं. कुणाला सावली हवी. याला आवतण हवं. आणि मला काय हवं? मूठभर कोथिंबीर. तीही मिळेना. आजही मी हात हलवत जाणार. आजही सगळे म्हणणार, तू एवढीशी, तू आपली नुसती ये."

टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वारा हळूच वळला. म्हणाला, "तुला निदान ये तरी म्हणतात. मला तर येऊ नको म्हणतात."

टिचकीने नाक पुसलं. वाऱ्याकडे बघितलं. एवढा मोठा वारा. पण तोंड किती एवढंसं झालं होतं.

आणि तिला नियम आठवला. जो डबा आणेल, त्याने एक पाहुणा आणावा. टिचकीने कधी डबा आणला नव्हता. म्हणून तिने कधी पाहुणाही आणला नव्हता.

ती उठली. अंग झटकलं. दोन्ही हात जोडून म्हणाली, "वारेभाऊ, आज माझ्याकडून तुम्हाला पंगतीचं आवतण. माझे पाहुणे म्हणून या. पण हळू फुंकायचं. पत्रावळ उडवली तर बघा."

वाऱ्याचा रुसवा गेला. गालातली हवा सुटली. फुस्सऽऽ.

मग काय झालं?

वारा उठला. फूऽऽ. त्याने पान सोडवलं. सटाक.
केळीने सावली धरली. गार गार.
खेकड्याने पाला काढला. कटकट, कटकट.
पाटाने पाणी सोडलं. खळखळ, खळखळ. वर म्हणाला, "माझ्या काठचा पुदिनापण घेऊन जा."
वाफा प्यायला. गटगट, गटगट. कोथिंबिरीने मान वर केली.
वाफ्याने कोथिंबीर दिली. हिरवी हिरवी, ताजी ताजी.

टिचकी घरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कोथिंबीर चिरली. चकचक. पुदिना चिरला. चकचक. दोन्ही बलकात कालवलं. पिवळा बलक हिरवा झाला. मग भरलं एक अंडं. भरलं दुसरं अंडं. सगळी अंडी भरून झाली. डब्यात ठेवली. झाकण लावलं.

डबा टिचकीहून मोठा. टिचकीने पुढून ओढला. वाऱ्याने मागून ढकलला. घरंगळ घरंगळ, घरंगळ घरंगळ.

आंब्याखाली पंगत बसली होती. ससेभाऊंची कोशिंबीर होती. कासवकाकांचे दडपे पोहे होते. बेडूकरावांची खिचडी होती.

साळुंकीकाकूंनी वाऱ्याला बघितलं. "अगंबाई, याला कुणी आणलं? धरा, धरा, पत्रावळी धरा."

कासवकाकांनी तर डोकंच आत घेतलं.

टिचकी म्हणाली, "मी आणलं. माझे पाहुणे आहेत."

"तुझे पाहुणे? पण पाहुणा तर डबा आणणाऱ्याने आणायचा असतो."

"मग हा काय आहे? डबाच आहे ना?"

साळुंकीकाकू डब्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं बरं. बसा तिकडे, शेवटी."

टिचकी बसली ओळीच्या शेवटी. तिच्या शेजारी वारा, अंग चोरून. टिचकीने डबा उघडला. पण कोण बघतंय? कुणी खिचडी वाढत होतं. कुणी पोहे मागत होतं. टिचकी एवढीशी. तिचा आवाजही एवढासा.

"भरली अंडी घ्या ना," टिचकी म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. टिचकीने कपाळाला हात लावला.

वाऱ्याने ते बघितलं. तो डब्यावर वाकला. त्याने हळूच फुंकर घातली. अगदी हळू. फूऽऽ.

एकही पत्रावळ उडाली नाही. उडाला फक्त वास. कोथिंबिरीचा वास. पुदिन्याचा वास. लिंबाचा वास. वास गेला बेडूकरावांकडे. वास गेला ससेभाऊंकडे. वास गेला कासवकाकांकडे, आणि त्यांचं डोकं बाहेर आलं. वास गेला साळुंकीकाकूंकडे. त्यांचा घास हातातच राहिला.

"कसला गं बाई वास हा? कुणाचा डबा?"

"टिचकीचा," वारा म्हणाला.

मग काय विचारता. "टिचकी, इकडे." "टिचकी, मला." "टिचकी, आणखी एक." टिचकी वाढून वाढून दमली. सगळ्यांना एकेक, बेडूकरावांना दोन. वाऱ्याच्या पानातही एक. फक्त कोंबडीकाकू म्हणाल्या, "मला नको गं. मला पोहे बरे."

शेवटी डबा रिकामा झाला. टिचकी आपल्या पानाशी आली. पान रिकामं. टिचकी स्वतःला वाढायलाच विसरली होती.

"काय बाई..." ती म्हणणार, तोच वाऱ्याने आपलं पान पुढे सरकवलं. पानात अंडं तसंच होतं.

"वारेभाऊ, तुम्ही खाल्लं नाहीत?"

"मी वास घेतला. वाऱ्याचं पोट वासाने भरतं. अंडं तुझं."

टिचकीने अंडं उचललं. दोन्ही हातांनी धरलं. आणि खाल्लं. सावकाश, डोळे मिटून.

तेवढ्यात ढवळी बकरी आली. हात हलवत नाही, शेपूट हलवत. "मला काही उरलंय का?"

"उरल्यात ना," टिचकी म्हणाली. "उष्ट्या पत्रावळी."

ढवळीने सगळ्या पत्रावळी खाल्ल्या. कचकच, कचकच. म्हणाली, "छान होत्या हो. पण कोथिंबीर जास्त छान होती."

निघताना साळुंकीकाकू टिचकीजवळ आल्या. टिचकीला वाटलं, आता म्हणणार, नुसती ये. पण साळुंकीकाकू म्हणाल्या, "टिचके, पुढच्या पंगतीला काय आणशील गं?"

टिचकी म्हणाली, "आधी त्या ढवळीला बांधून ठेवा. मग सांगते."

पंगत उठली, पानं गेली. ऐकणाऱ्याला भरलं अंडं, सांगणाऱ्याला नुसता वास.