आरपार गेलेला चिरा

एकदा एक वृद्ध गवंडी आणि त्यांचा तरुण शिष्य इंग्लंडातील एका जुन्या गावी कामावर होते. तेथील एका कापडव्यापाऱ्याचे दगडी घर शतकानुशतके उभे होते. परंतु अलीकडे त्याची रस्त्याकडची भिंत पुढे फुगली होती.

"हिचं पोट माझ्याही पुढे गेलं!" व्यापारी स्वतःच्या ढेरीवर हात फिरवीत म्हणाला. "हिला चोरून खायला कोण घालतं, तेवढं शोधा."

शिष्याने एकेक दगड ठोकून पाहिला. सारे खणखणीत वाजले. पायाही खचलेला नव्हता. मग भिंत फुगली कशी? हे कोडे त्याला स्वस्थ बसू देईना.

या दुरुस्तीसाठी त्याने एक लांब चिरा घडविला होता. एकट्याने घडविलेला पहिलाच. मधाच्या रंगाचा, कडा सुरेख उतरलेल्या. त्याची आई दर रविवारी प्रार्थनेला याच रस्त्याने जात असे. चिरा दाराशेजारी आडवा बसावा, आईने तो पाहावा, एवढीच त्याची आस होती.

फुगवटा उतरविला गेला. गुरूंनी आतल्या बाजूचाही एक दगड काढविला, आणि तो चिरा फिरवून लांबीने थेट भिंतीच्या पोटात सारला. रस्त्याकडे तळहाताएवढे टोक तेवढे उरले.

शिष्य कळवळला. "उस्ताद, हे काय? मग इतकी घडाई कशाला करायला लावलीत? एखादा धोंडा कोंबला असता!"

"शेजारच्या फटीत हात घाल."

त्याने हात घातला. कोपरापर्यंत नुसते खडे आणि माती.

"ही एक भिंत नव्हे, बाळ. दोन आहेत. एक पावसाकडे तोंड करून उभी, दुसरी चुलीकडे. मध्ये भराव. भांडण नसले तरी जी ती आपापल्या बाजूला कलते, आणि पोकळी वाढत जाते. दोघींनाही धरील असा लांब, निर्दोष दगडच इथे लागतो. धोंडा वाटेतच संपतो. रस्त्यावरच्याला त्याचे एक टोक दिसते, घरातल्याला दुसरे. दोघेही त्याला लहानच समजतात. जोडणाऱ्याची खरी लांबी एका परमेश्वराला ठाऊक."

मग गुरू बाजूला झाले. "चुना अजून भरलेला नाही. चिरा तुझा आहे. वाटले तर ओढून काढ आणि दाराशेजारी बसव. मी अडवणार नाही."

शिष्याने त्या टोकाकडे एकदा पाहिले. मग तो घरात गेला. व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरातील भिंतीवरून त्याने हात फिरविला. थोड्या वेळाने आतून हाक आली,

"उस्ताद, इकडे अजून बोटभर कमी पडतोय. ढकला!"

वृद्धाने एकावर एक ठेवून दोन्ही तळहात त्या टोकावर टेकविले, आणि देवापुढे वाकावे तसे वाकून हळूच जोर दिला.